हरळी, लव्हाळा आणि कुंदा : पिकांच्या फेरपालटातून चिवट तणांचा बंदोबस्त

सोयाबीन ऐन भरात असताना तणनाशक फवारल्यावर शेत स्वच्छ दिसते आणि काढणी होऊन पंधरवडा उलटतो न उलटतो तोच हिरवे पट्टे नेमक्या त्याच जागी पुन्हा वर येतात, हा अनुभव मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. अशा वेळी दोष औषधाला दिला जातो, परंतु औषध बनावट निघण्यापेक्षा तणाची जात आणि फवारणीची वेळ चुकल्याचीच उदाहरणे अधिक असतात. हरळी, लव्हाळा आणि कुंदा ही तिन्ही बहुवर्षायू तणे आहेत आणि त्यांचा मुख्य भाग जमिनीखाली असतो. सोलापूर-बार्शीकडे पूर्वी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठारात, भरून ठेवत असत, तसे या तणांचे अन्न जमिनीत साठवलेले असते, आणि तो साठा शिल्लक आहे तोवर वरचा पाला कितीही वेळा कापला अथवा जाळला तरी नवे कोंब फुटतच राहतात. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक कामाला एकच कसोटी लावावी, ती म्हणजे या कामाने जमिनीखालचा साठा घटला की वाढला. या कसोटीवर आज सर्रास केली जाणारी काही कामे उलट परिणाम करणारी ठरतात, आणि त्यांत पहिला क्रमांक रोटाव्हेटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणाऱ्या ट्रॅक्टरच्या अवजाराचा, लागतो.

हे काम एका हंगामात संपत नाही. तीन वर्षांची फेरपालट डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची आखणी करावी लागते.

पहिली पायरी : खणून ओळख पटवणे

तण उपटून पाहिले तर ओळख अर्धवटच पटते, कारण साठ्याचा भाग तुटून आतच राहतो. शेताच्या तीन-चार ठिकाणी कुदळीने फूटभर खोल ढेकूळ काढून ते हाताने फोडावे आणि आत काय सापडते ते पाहावे.

हरळीची पांढरट, कांड्याकांड्यांची आणि टोकदार भूमिगत खोडे, म्हणजेच काशा, ढेकळातून सुयांसारख्या आरपार गेलेल्या दिसतात. याशिवाय जमिनीवर पसरणारी खोडेही तिला असतात आणि त्यांच्या प्रत्येक कांड्याला मुळे फुटू शकतात. बहुतेक काशा वरच्या 15 ते 20 सेंमी थरात असतात. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. सावलीत हरळी खुरटते आणि थंडीत तिची वाढ मंदावते, या दोन गोष्टी पुढे उपयोगी पडणार आहेत.

लव्हाळा गवतासारखा दिसत असला तरी तो गवताच्या कुळातला नाही. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला की तीन कडा स्पष्ट लागतात, तर गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. जमिनीत त्याच्या गाठी एकमेकींना बारीक तंतूंनी जोडलेल्या माळेसारख्या असतात, आणि याच गाठी वाळवून नागरमोथा म्हणून बाजारात विकल्या जातात. माळ अखंड असेपर्यंत वरची गाठ खालच्या गाठींना दबवून ठेवते आणि माळ तुटली की खालच्या निद्रिस्त गाठीही फुटतात. ही ओळख पटवणे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण सोयाबीनमध्ये गवतांसाठी वापरली जाणारी क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप किंवा हॅलॉक्झिफॉप ही औषधे लव्हाळ्यावर अजिबात काम करत नाहीत. केना या तणाचेही तसेच आहे.

कुंदा हा खोल काळ्या जमिनीचा रहिवासी. त्याची जाड भूमिगत खोडे फूट-दीड फुटाखाली, कधी त्याहूनही खोल गेलेली असतात आणि त्यामुळे साध्या नांगराच्या फाळाखाली ती सुरक्षित राहतात. शिप्पी, भरड यांसारखी हंगामी गवते मात्र बियांपासून दरवर्षी नव्याने येतात. त्यांचा बंदोबस्त तुलनेने सोपा असल्याने त्यांच्यासाठी वेगळी योजना करण्याची गरज नाही.

दुसरी पायरी : पट्ट्यांची नोंद आणि येणारी वाट बंद करणे

ही तणे शेतभर सारखी कधीच पसरलेली नसतात. सोयाबीनच्या काढणीनंतर किंवा पहिल्या पावसानंतर बारा-पंधरा दिवसांनी शेतात फिरून प्रत्येक पट्ट्याच्या चार टोकांना काठ्या रोवाव्यात आणि वहीत शेताचा साधा नकाशा काढून ठेवावा. पुष्कळदा असे लक्षात येते की एकरभर रानात खरे दुखणे चार-पाच गुंठ्यांचे आहे आणि सगळ्या एकरावर सारखा खर्च करण्याचे कारण नाही.

तण कोठून आले याचाही शोध याच वेळी घ्यावा. भाड्याचा ट्रॅक्टर एका रानातून दुसऱ्या रानात जाताना फाळांना आणि पात्यांना अडकलेल्या काशा घेऊनच येतो, त्यामुळे बांधाच्या आत येण्यापूर्वी अवजार खरवडून घेण्याचा आग्रह धरावा आणि आपल्याच शेतात स्वच्छ भाग आधी, तणाचा पट्टा सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. न कुजलेले शेणखत, कालव्याचे पाणी आणि रोपवाटिकेतील माती या नेहमीच्या वाटा आहेतच. 2017 पासून राबवल्या गेलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ हजारो एकरांवर पडला आणि हलक्या जमिनींना त्याचा निश्चित फायदा झाला, परंतु तलावाच्या काठाकडच्या उघड्या थरात लव्हाळा वाढलेला असेल तर तो थर बाजूला काढूनच आतला गाळ भरावा.

तिसरी पायरी : उन्हाळ्याचा उपयोग

मार्च ते मे हे तीन महिने कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन आहेत. हरभरा किंवा गहू निघाल्यानंतर जमीन पूर्ण आवळण्यापूर्वी पलटी नांगराने 20 ते 25 सेंमी खोल नांगरट करावी. कुंद्याच्या पट्ट्यात फाळ जितका खोल जाईल तितका न्यावा. नांगरटीने निघालेली मोठी ढेकळे फोडण्याची घाई करू नये. काळ्या मातीचे ढेकूळ उन्हात तडकत जाते, आतला ओलावा संपतो आणि त्याच्या पोटात अडकलेल्या काशा व गाठी सुकून मरतात. तेच ढेकूळ लगेच बारीक केले तर भुसभुशीत मातीचा वरचा थर आच्छादनाचे काम करतो आणि खालचा ओलावा टिकून तण वाचते. शेत ‘छान तयार’ दिसावे म्हणून एप्रिलमध्येच रोटाव्हेटर फिरवण्याची जी पद्धत पडली आहे ती म्हणूनच घातक आहे. पाती हरळीच्या एका काशीचे दोन-दोन, तीन-तीन कांड्यांचे तुकडे करून सगळ्या शेतात पेरतात आणि लव्हाळ्याची माळ तोडून प्रत्येक गाठ मोकळी करतात. हरळीची लावण करायची असती तर याहून चांगले यंत्र मिळाले नसते.

नांगरटीनंतर महिना-दीड महिना जमीन तापू द्यावी. त्यानंतर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोगडणी करावी, म्हणजेच कल्टिव्हेटरची उभी आणि शक्यतो आडवी अशी पाळी द्यावी. त्याच्या दातांना काशा अडकून वर ओढल्या जातात, तुकडे होण्याचे प्रमाण कमी राहते आणि वर आलेल्या काशा वेचता येतात. वेचलेल्या काशा बांधावर टाकू नयेत आणि ओल्या असताना उकिरड्यातही टाकू नयेत. कडक उन्हात खडखडीत वाळेपर्यंत त्या एका जागी पसरून ठेवाव्यात. वाळलेली काशी वाकवली की कट्कन मोडते, तर जिवंत काशी वाकते आणि आतून पांढरी निघते. संपूर्ण ढीग या परीक्षेत उतरल्यावरच तो खतात घालावा.

एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस झाला तर तोवरचे काम वाया गेले असे समजू नये. पावसाने जिवंत राहिलेले सगळे डोळे एकदम फुटतात आणि त्या फुटीत साठ्यातले अन्न खर्च होते. अशा पावसानंतर आठ-दहा दिवसांनी, नवी पाने स्वतः अन्न तयार करू लागण्यापूर्वी, पुन्हा एक पाळी द्यावी. उलट ज्या शेतात उन्हाळी भुईमूग, उन्हाळी सोयाबीन किंवा चारा मका यांना मार्चपासून पाणी चालू असते, तेथे हरळी आणि लव्हाळा यांना उन्हाची झळ लागतच नाही. बागायती शेतकऱ्याने तीन वर्षांत किमान एक उन्हाळा तणग्रस्त पट्टा कोरडा ठेवावा. त्या उन्हाळ्यातील उत्पन्न बुडते हे खरे, परंतु पुढील दोन खरिपांची खुरपणी हिशेबात धरली तर तो तोटा सहसा भरून निघतो.

चौथी पायरी : पेरणीपूर्वी तणाची पहिली फूट मारणे

मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी करण्याची घाई येथे महागात पडते. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असा सल्ला कृषी विद्यापीठे देतातच. तण नियंत्रणाच्या दृष्टीनेही ही थांबण्याची मुदत मोलाची आहे. या मुदतीत हंगामी गवतांचे बी उगवते, हरळी-लव्हाळ्याची पहिली फूट वर येते आणि वाफसा येताच, म्हणजे ओल असूनही माती अवजाराला चिकटेनाशी होताच, वखराची एक पाळी दिली की ती सगळी फूट एका दमात मरते. ही पाळी उथळ असावी, कारण खोल पाळीने खालच्या थरातील नवे बी वर येते.

सोलापूर, मंगळवेढा भागातील खोल काळ्या जमिनीत खरीप पडीक ठेवून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारी पेरण्याची जी परंपरा आहे, तिचे मूळ कारण ओलावा साठवणे हे असले तरी पावसाळाभर वाफशावर दिलेल्या वखराच्या पाळ्यांनी कुंदा आणि हरळी आपोआप आटोक्यात राहत असे. सोयाबीन आल्यावर या पाळ्या थांबल्या. कुंदा फार माजलेला असेल तर तीन वर्षांतून एकदा एवढ्या तुकड्यापुरती ही जुनी पद्धत पुन्हा वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

पाचवी पायरी : पिकांचा क्रम तणाप्रमाणे ठरवणे

फेरपालट म्हटले की केवळ जमिनीचा कस डोळ्यांसमोर येतो, परंतु चिवट तणांच्या बाबतीत फेरपालटीचा अर्थ अधिक नेमका आहे. कोणत्या पिकात कोणते औषध चालते आणि कोणत्या पिकात कोणती मशागत शक्य आहे, हे पाहून पिके मागेपुढे करायची असतात.

हरळी आणि कुंदा ही गवते असल्याने ज्वारी, मका, गहू किंवा ऊस या गवतवर्गीय पिकांत त्यांना मारणारे आणि पिकाला न दुखावणारे औषध व्यवहारात उपलब्ध नाही. म्हणून हरळीचे रान काही वर्षे सोयाबीन, कापूस, भुईमूग यांसारख्या द्विदल पिकांखाली ठेवावे, कारण तेथे गवतनाशके वापरता येतात. लव्हाळ्याचे गणित नेमके उलटे आहे. त्यावर काम करणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे ऊस आणि मका या पिकांत वापरले जाते, परंतु सोयाबीनमध्ये ते चालत नाही. म्हणून लव्हाळ्याचे रान सोयाबीन-हरभऱ्याच्या चक्रातून काढून एक खरीप मक्याखाली आणावे. शेतात दोन्ही तणे असतील तर पट्ट्यांचा नकाशा येथे कामी येतो. ज्या तणाने जास्त क्षेत्र व्यापले असेल त्याच्याप्रमाणे पीक ठरवावे आणि दुसऱ्याचा पट्टा हाताने हाताळावा.

सोयाबीन-हरभरा हे चक्र वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवण्यात अडचण अशी की सोयाबीनची पाने ऑक्टोबरमध्ये गळताच जमिनीवर ऊन आणि ओल दोन्ही मिळते, आणि त्यानंतर येणारा हरभरा ठेंगणा असल्याने सावली धरत नाही. थंडीमुळे हरळी तेव्हा मंद असते एवढाच दिलासा असतो. हे चक्र मोडण्यासाठी हरळीग्रस्त रानात पुढीलप्रमाणे क्रम धरता येईल. पहिल्या वर्षी उन्हाळी नांगरटीनंतर उंच आणि पसरणाऱ्या वाणाचे सोयाबीन घ्यावे. कसबे डिग्रज येथून आलेला फुले संगम हा वाण या दृष्टीने बुटक्या वाणांपेक्षा सरस आहे, कारण त्याच्या ओळी लवकर मिळतात. दुसऱ्या वर्षी कापूस घ्यावा. शक्य तेथे तो फुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळी सरळ येतील असा, लावावा; मग उभी-आडवी दोन्ही डवरणी (कोळपणी) करता येते. मात्र फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून घेतलेले उत्पादन, न घेता डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढावी. फरदडीचे दुष्परिणाम सांगताना गुलाबी बोंडअळीचे नाव घेतले जाते, पण उन्हाळी नांगरटीची संधी हुकणे हाही त्यातलाच एक तोटा आहे. तिसऱ्या वर्षी खरिपात एकरी 20 ते 25 किलो बियाणे वापरून ताग दाट पेरावा, 45 ते 50 दिवसांनी फुलोऱ्यात तो पलटी नांगराने गाडावा आणि त्यावर रब्बी ज्वारी घ्यावी. दाट तागाखाली हरळी पिवळी पडून सुतासारखी बारीक होते. जनावरे असतील तर तागाऐवजी दाट पेरलेली चाऱ्याची ज्वारीही तेच काम करते.

सलग तूर मात्र हरळीच्या रानात टाळावी. तिच्या रुंद ओळी पहिले दोन महिने उघड्या असतात आणि त्या काळात हरळीला मोकळे रान मिळते. तूर घ्यायचीच असेल तर सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घ्यावी.

सहावी पायरी : कोळपणी आणि खुरपणी वेळेवर

सोयाबीनमध्ये पहिली कोळपणी 15 ते 20 दिवसांनी आणि दुसरी 30 ते 35 दिवसांच्या आत करावी. फुले लागल्यानंतर कोळपे घालू नये. लव्हाळ्याच्या बाबतीत या अंतराला वेगळे महत्त्व आहे. कोंब जमिनीवर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी तो नव्या गाठी धरू लागतो, म्हणून दोन खुरपण्यांमधील अंतर तीन आठवड्यांपेक्षा वाढू देऊ नये. महिन्याने एकदा केलेली खुरपणी मजुरी तेवढीच घेते आणि नव्या गाठी मात्र जमिनीत तशाच सोडते. भाजीपाल्यात मल्चिंग पेपर अंथरून लव्हाळा थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचा टोकदार कोंब पेपर भेदून वर येतो.

सातवी पायरी : तणनाशकाचा योग्य वापर

उगवणीपूर्वी फवारायचे पेंडीमिथॅलीन हे बियांपासून येणाऱ्या हंगामी गवतांसाठी उत्तम आहे, पण काशा आणि गाठी यांतून येणाऱ्या फुटीवर त्याचा उपयोग नाही. उभ्या सोयाबीनमध्ये हरळीसाठी क्विझालोफॉप इथाईल 5 टक्के ईसी एकरी 300 ते 400 मिली या मात्रेत वापरले जाते. हंगामी गवते तीन-चार पानांवर असताना खालची मात्रा पुरते, परंतु हरळीसाठी वरची मात्रा आणि चार ते सहा इंचांची ताजी हिरवी फूट असावी लागते. फूट याहून लहान असेल तर औषध झेलायला पाने पुरत नाहीत, आणि फार वाढलेली असेल तर मात्रा अपुरी पडते. इमॅझेथापायर 10 टक्के एसएल एकरी 400 मिली या मात्रेत हंगामी गवते आणि काही रुंद पानांची तणे मारते, हरळीला मात्र ते फक्त दबवते. त्याचा अंश जमिनीत रेंगाळतो, म्हणून सोयाबीननंतर रब्बी ज्वारी किंवा मोहरी घेण्याचा विचार असेल तर ते टाळावे. खरीप ज्वारी-मक्यातील ॲट्राझिन या तणनाशकानंतर लगेच कडधान्य घेतानाही हीच सावधगिरी हवी.

उसातील आणि मक्यातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के डब्ल्यूजी एकरी 36 ग्रॅम, लव्हाळा तीन ते पाच पानांवर असताना फवारावे. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात तण अजून हिरवेच आहे म्हणून दुसरी फवारणी करू नये किंवा खुरपणीही करू नये, कारण औषध गाठीपर्यंत उतरण्यासाठी पान जिवंत असणे आवश्यक आहे. त्या जागी पुढचे पीक किती दिवसांनी घ्यावे, हे डब्यावरील सूचनापत्रकात पाहावे. 2,4-डी या तणनाशकाने लव्हाळ्याची फक्त पाने करपतात, आणि त्याचा वाऱ्याबरोबर गेलेला अंश शेजारच्या कापसाची व द्राक्षाची पाने विकृत करतो. 2,4-डी साठी वापरलेला पंप कापसात कधीही नेऊ नये.

गवत सुकलेले असताना कोणतेही आंतरप्रवाही औषध आत वाहत नाही. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडून हरळीची पाने वळलेली असतील तर थांबावे आणि पाऊस झाल्यावर दोन-चार दिवसांनी, ती पुन्हा टवटवीत झाल्यावर फवारावे. दोन-तीन औषधे स्वतःच्या अंदाजाने एका टाकीत मिसळू नयेत. रुंद पानांच्या तणांसाठीच्या काही औषधांमुळे गवतनाशकाची ताकद कमी होते. एकत्रच हवी असतील तर नोंदणीकृत तयार मिश्रण घ्यावे.

मात्रा एकरी सांगितली जाते आणि फवारणारा माणूस पंपाला मोजतो, येथे सर्वांत मोठी गफलत होते. पुढील पद्धत अर्ध्या तासात होते. शेतात 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असा एक गुंठा दोरीने आखावा. पंपात मोजून साधे पाणी घ्यावे, फ्लॅट फॅन नोझल लावून नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारावा आणि किती पाणी लागले ते पाहावे. समजा साडेचार लिटर लागले, तर 40 गुंठ्यांना म्हणजे एकराला 180 लिटर, अर्थात 15 लिटरचे 12 पंप लागतील. एकरी 400 मिली औषध असेल तर एका पंपाला सुमारे 33 मिली औषध बसते. दुसरा माणूस भरभर चालणारा असेल तर त्याला नऊच पंप पुरतील आणि त्याची पंपाची मात्रा 44 मिली होईल. म्हणून ज्याच्या हातात पंप आहे त्याच्याच चालीवर हे मोजमाप घ्यावे.

ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हरळी आपले अन्न पानांतून काशांकडे पाठवू लागते आणि तेव्हा फवारलेले ग्लायफोसेट त्या प्रवाहाबरोबर खाली जाते, म्हणून या तणांवर ते परिणामकारक ठरते. परंतु भारतात उभ्या पिकांपैकी केवळ चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगरपीक क्षेत्रासाठी त्याची नोंदणी झालेली आहे, आणि केंद्र सरकारच्या 21 ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. त्यामुळे ते स्वतः फवारण्याचा सल्ला येथे देता येत नाही. परवानाधारकाकडून पडीक पट्ट्यावर काम करून घेतले तर गढूळ पाणी वापरू देऊ नये, कारण मातीच्या कणांना चिकटून हे औषध निकामी होते. विहिरीचे पाणी जड असल्यास त्यात आधी अमोनियम सल्फेट विरघळवले जाते. काढणीनंतर ताजी फूट येण्यासाठी दोन-तीन आठवडे थांबावे लागते आणि नेमकी तीच हरभऱ्याच्या पेरणीची वेळ असते, म्हणून एवढ्या पट्ट्यापुरता हरभरा सोडून द्यावा लागेल. उभ्या पिकावर ग्लायफोसेट फवारता यावे म्हणून काढलेल्या तणनाशक सहनशील कापसाच्या बियाण्याला देशात मान्यता नाही. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात त्यासाठी जाहीर आंदोलन झाले तरी ते बियाणे आजही चोरूनच विकले जाते. पावतीशिवाय घेतलेल्या त्या पाकिटाच्या भरवशावर तीन वर्षांचे नियोजन उभे करता येत नाही.

पॅराक्वाट या तणनाशकाचा या तणांवर उपयोग नाही. ते फक्त हिरवा पाला जाळते, काशांपर्यंत पोहोचत नाही, आणि पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. ती औषधे वेगळी होती, परंतु हातमोजे, तोंडावरचा मास्क आणि वाऱ्याची दिशा यांकडे होणारे दुर्लक्ष तणनाशकाच्या फवारणीतही तेवढेच आढळते.

तणनाशकांचा एकच गट वर्षानुवर्षे वापरल्यास काय होते, याचे उदाहरण देशातच आहे. पंजाब-हरियाणात भात-गहू या ठरलेल्या चक्रात गुल्ली डंडा या गवतावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन फवारले गेले आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस ते गवत त्या औषधाला दाद देईनासे झाले. क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, हॅलॉक्झिफॉप आणि फिनॉक्झाप्रॉप ही चारही नावे वेगळी असली तरी त्यांची मारण्याची पद्धत एकच आहे, म्हणून त्यांतील एक सोडून दुसरे घेणे म्हणजे बदल नव्हे.

उसाच्या रानाची वेगळी बाब

ऊस स्वतः गवत असल्याने त्यातील हरळी लागणीनंतर काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि लागण व खोडवे धरून तीन-चार वर्षे उन्हाळी नांगरटही मिळत नाही. म्हणून हरळी असलेल्या रानात लागण करण्यापूर्वी एक उन्हाळा आणि एक खरीप द्यावा. पाचटाचे आच्छादन बियांपासून येणारे तण चांगले रोखते, परंतु लव्हाळा त्यातूनही वर येतो. शेवटचा खोडवा मोडताना बुडखे रोटाव्हेटरने फोडण्याचा मोह टाळावा, पलटी नांगराने ते उलटे करून उन्हात टाकावेत आणि पावसाळ्यात त्या जागी ताग किंवा सोयाबीन घ्यावे.

बांध आणि उरलेली फूट

बांधावरची हरळी शेतात घुसते म्हणून संपूर्ण बांध जाळणे किंवा औषधाने उघडा करणे योग्य नाही, कारण तीच हरळी बांधाची माती धरून ठेवते आणि जनावरांना चाराही देते. बांधाच्या कडेने शेताच्या आतल्या बाजूला फूटभर रुंदीची पट्टी दर पावसाळ्यात दोनदा कुदळीने खणून मोकळी ठेवावी, म्हणजे आत येणारी खोडे तेथेच तुटतात आणि वेचता येतात.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या पावसानंतर जुना नकाशा हातात घेऊन त्याच पट्ट्यांतून पुन्हा फिरावे. आता विखुरलेले कोंब दिसतील. त्यांना औषध फवारत बसण्यापेक्षा प्रत्येकाशेजारी काडी रोवून तीन आठवड्यांच्या आत कुदळीने फूटभर घेराचा गोळा खणून काढावा. कुंद्याचा खड्डा पांढरे खोड संपेपर्यंत खोल न्यावा, आणि खणलेली माती तेथेच चाळून त्यातले तुकडे पाटीत घ्यावेत. ज्या पट्ट्यात अजून दाट फूट असेल तेथे पुढचे वर्षभर कोळपे किंवा कल्टिव्हेटर फिरवताना पट्ट्याच्या तोंडाशी अवजार उचलावे, पलीकडे गेल्यावर पुन्हा टाकावे आणि तो पट्टा सगळ्यात शेवटी स्वतंत्रपणे करून अवजार तेथेच साफ करावे.